उजव्या गालावर ऊन

“अगं मार की बुडी. पाणी काय चावतंय व्हय?”

आत्या वरच्या पायरीवर बसून घागर घासत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या वारणाकाठी सासूला आत्याच म्हणतात. मी कमरेएवढ्या पाण्यात दात आवळून उभी होते. माघातली सकाळ, ऊन नुकतंच पाण्यावर उतरलेलं, आणि पाणी असं की पोटात कळ यावी.

“थांबा की आत्या. अंगाला जरा सवय होऊ दे.”

“सवय हुईस्तवर दुपार हुईल. तिकडं न्हावी वस्तरा परजून बसलाय आणि पोरगं भुकेलंय.”

पोरगं म्हणजे माझा धाकटा, अकरा महिन्यांचा. त्या दिवशी त्याचं जावळ होतं. वर देवळात माझा भाऊ धैर्यशील त्याला मांडीवर घेऊन बसला होता, कारण पहिले केस मामाच्या मांडीवरच उतरायचे. माझा नवरा रणजित, सासरे, पाहुणे, सगळे तिथंच. आमच्या घरात याला आणखी एक रीत जोडलेली होती. पोराच्या आईनं नदीत बुड्या मारायच्या, ओलेत्यानं घागर भरून देवळात न्यायची, आणि ते पाणी डोक्यावर पडल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. आई नदीतून वर येईपर्यंत घाटावर पुरुषानं फिरकायचं नाही. म्हणून खाली आम्ही तिघीच होतो. मी, आत्या आणि साडेचार वर्षांची मुक्ता.

मुक्ता ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसली होती. ट्यूबला निळी नायलॉनची दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक घाटाच्या दगडी खुंट्याला. पूर्वी त्या खुंट्याला नाव बांधत असत. ट्यूबची गाठ आत्यांनी मारली होती. मी “घट्ट आहे ना?” म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “जनावरं बांधण्यात जन्म गेला माझा. दाव्याची गाठ हाय. बैल सुटायचा न्हाई.”

“आई, मला पण बुडी,” मुक्ता म्हणाली.

“तुला नाही. तू गप बसायचं. हललीस की ट्यूब उलटते.”

“आणि ओरडायचं?”

“ओरडायचं पण नाही.”

“मासे भितात?”

“खूप भितात.”

तिनं दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि गाल फुगवले. तेवढं मला दिसलं, कारण तेव्हा ती माझ्या अगदी पुढ्यात होती.

इथं एक सांगायला हवं. माझा नंबर तेव्हा एका डोळ्याला साडेसात आणि दुसऱ्याला आठ होता, आणि हे सासरी रणजितशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला बघायला आले होते तेव्हा मावशीनं आतल्या खोलीच्या दारातच माझा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला होता. “पोह्याच्या बशा तेवढ्या पाडू नकोस,” म्हणाली. बाहेर कुणीतरी विचारलं, तर “वाचताना लागतो हो थोडासा,” असं तिनंच सांगून टाकलं. लग्नानंतर मी लेन्स लावू लागले. रणजित म्हणाला, “असू दे. आईला कळलं तर तिला उगाच फसवल्यासारखं वाटेल.” मग ते तसंच राहिलं. चष्मा फक्त आमच्या खोलीचं दार लागल्यावर.

लेन्स घालून नदीत उतरायचं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं. म्हणून त्या सकाळी मी त्या काढून ठेवल्या होत्या, आणि चष्मा होता धैर्यशीलच्या पिशवीत. मला काळजी वाटली नव्हती. पोहणं मी लहानपणी मामाच्या विहिरीत शिकले होते, आणि विहिरीत दिसावं लागत नाही. कुठल्याही बाजूला हात मारत गेलं की भिंत येते.

चष्म्याशिवाय मला अंधार दिसतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सगळं असतं, फक्त कशालाच कड नसते. समोरचा काठ म्हणजे एक हिरवट-काळा पट्टा, पाणी म्हणजे चकाकी, आणि आत्या म्हणजे पायरीवर ठेवलेला एक जांभळा ढीग.

मी उगवतीकडं तोंड केलं, नाक धरलं आणि बुडी मारली. वर आले, श्वास घेतला, परत मारली. थंडीनं छाती आवळून आली; दूध साठून दगड झालेली छाती, ती जास्तच ठणकायला लागली. बाळाला पहाटेपासून पाजलं नव्हतं. एवढं झालं की वर जाऊन आधी त्याला घ्यायचं, असं मनाशी म्हणत मी शेवटची बुडी मारली.

वर आले तर आत्या ओरडत होत्या.

आधी शब्द कळले नाहीत, कानात पाणी होतं. मग कळले.

“पोर चालली! आगं पोर चालली!”

मी मागं वळले. मुक्ता जिथं होती तिथं पाणी होतं. खुंट्याजवळ निळं काहीतरी तरंगत होतं. मी हात घातला, तर ती दोरी, नुसती. पुढं काहीच नाही. सुताच्या दाव्याला बसणारी गाठ ओल्या नायलॉनला बसली नव्हती.

“कुठंय? आत्या, कुठंय?”

“ती काय! वडाकडं! वडाकडं बग की!”

वड खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर होता, हे मला ठाऊक होतं. रोज लेन्स लावून मी तो बघत होते. पण आता त्या बाजूला सगळं ऊन पडलं होतं आणि उन्हाखाली पाणी नुसतं पेटलं होतं. वड नाही, वळण नाही, काही नाही. मी डोळे बारीक केले. मिचकावले. हातानं डोळ्यांच्या कडा ताणून बघितलं. आणि समोरच्या काठाजवळ मला एक काळं, गोल काहीतरी तरंगताना दिसलं.

ट्यूब काळी होती. मी झेपावले.

मला आठवतं, त्या वेळी मी भ्यालेली नव्हते. काय करायचं ते कळलं होतं, आणि हात जोरात चालत होते. मी मनात तिला म्हणत होते, बस तशीच बस, हलू नकोस, आले मी. आत्यांचा आवाज मागून येत होता, मला वाटलं त्या घाईच करत आहेत. काळं गोल जवळ आलं, मोठं झालं. मी हात लांब करून धरायला गेले. हाताला केस लागले. खरखरीत, जाड, चिखलानं माखलेले. त्यानं फुर्रर्र केलं आणि मान वळवली.

म्हैस होती.

“म्हशीकडं कुटं चाललीस!” आत्यांचा आवाज आता फाटला होता. “आगं म्हशीकडं काय करतीस तू!”

तेव्हा मी भ्याले. त्या म्हशीच्या आजूबाजूला आणखी काळे गोल होते, पाच, सहा, कोण मोजतंय. त्यातलं एखादं माझी मुलगी असेल आणि मला ते कळणार नाही. किंवा यातलं एकही नसेल. आणि खालून, वळणापलीकडून, एक आवाज येत होता. तो मी रोज ऐकायचे आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. बंधाऱ्याचा आवाज. आमच्याकडं नदीवर खांबांचे बंधारे असतात. खांबांच्या मधल्या खाचांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. आदल्या आठवड्यात खालच्या गावांसाठी मधले काही बरगे काढले होते. तिथून पाणी ओढलं जात होतं आणि पलीकडं दगडांवर आदळत होतं.

“मुक्ता!” मी ओरडले. “मुक्ता, बोल! आई इकडं आहे, बोल!”

काही नाही. पाण्याचा आवाज, म्हशीचा श्वास.

मी काठाकडं तोंड केलं. काठ तरी कुठला, त्या जांभळ्या ढिगाकडं. तो आता घाट सोडून काठानं धावत होता.

“आत्या, मला दिसत नाही!”

“काय?”

“मला दिसत नाही! मला काहीच दिसत नाही, वड दिसत नाही, ती दिसत नाही!”

जांभळा ढीग थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं आता त्या रडायला लागणार, देवाला हाका मारणार. मग त्यांचा आवाज आला. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारायचा त्यांचा आवाज.

“काय दिसतंय तुला?”

“ऊन! नुसतं ऊन दिसतंय!”

“मग ऊन नाकावर घे!”

मला कळलंच नाही.

“तोंड उनाकडं कर! नाकावर घे ऊन! हां! आता मार हात!”

मी वळले. सगळा उजेड डोळ्यांत आला. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवून काही मिळत नव्हतं, आणि हात मारायला लागले. ऊन खरंच नाकावर होतं. कपाळावर, नाकावर, ओठांवर, कोमट. पाणी बर्फासारखं आणि तोंडावर तेवढा कोमट ठिपका. तो हलला की मी वाकडी चालले, एवढं मला कळत होतं.

“ती मधल्या धारंला हाय! उजव्या गालावर घे! ऊन उजव्या गालावर!”

मी मान नाही, सगळं अंगच वळवलं. ऊन उजव्या गालावर आलं.

“आता नाकावर! सरळ! सरळ जा, दमू नगंस!”

प्रवाह आता मला ओढत होता. हात कमी मारावे लागत होते, आणि ते जास्त भीतीचं होतं, कारण मला ओढत होता म्हणजे तिलाही ओढत होता, आणि ती हलकी. बंधाऱ्याचा आवाज मोठा झाला. त्यात आत्यांचा आवाज मधूनच बुडायचा. काठानं त्या पळत होत्या तिथं उसाची शेतं अगदी पाण्याला भिडलेली आहेत, वाट नाही, नुसतं बाभळीचं काटवण. त्यातून पळत त्या ओरडत होत्या, “नाकावर! आता जरा उजव्या गालावर! पुरं! नाकावर!”

मी एकदा डोळे उघडून आजूबाजूला बघितलं, सगळी चकाकीच; परत मिटले आणि हात मारले. आणि मग, “मागं! मागं टाकलीस! आगं पुढं गेलीस तिच्या!”

मी थांबले. पाय मारत उभी राहिले, गोल फिरले. डोळे उघडले. चकाकी. सगळीकडं चकाकी, आणि चकाकीत काळे ठिपके नाचत होते, पाण्यातले की माझ्या डोळ्यांतले कुणास ठाऊक.

“ऊन पाठीवर घे! पाठीवर! हात फुडं कर, हात!”

मी पाठ केली. हात पुढं केले, अंधाऱ्या खोलीत चालताना करतात तसे, आणि पायांनी स्वतःला ढकलत राहिले. पाणी. पाणी. पाणी. मग बोटांना रबर लागलं. गार, गुळगुळीत, आणि त्यावर हवा भरायच्या नळीचा टोकेरी तुकडा. मी तो धरला. त्या नळीनं तळहात कापला होता हे मला संध्याकाळी कळलं.

मी ट्यूब छातीशी ओढली आणि तोंड पुढं नेलं. वीतभर अंतरावर आल्यावर कुठं मला तिचा चेहरा दिसला. ओठ आत ओढलेले, गाल फुगवलेले. दोन्ही हातांनी ट्यूबची कड धरून ती बसली होती. डोळे टक्क उघडे.

“मुक्ता.”

ती बोलली नाही.

“डाव्या काठाला—” आत्या ओरडल्या आणि स्वतःच थांबल्या. “माझ्या आवाजाकडं ये! मी बोलतीया, तिकडं ये! ये, ये, ये, ये, ये...”

वासराला बोलावतात तसं त्या “ये, ये” करत राहिल्या आणि मी ट्यूब एका हातानं ओढत त्या आवाजाकडं आडवी पोहत राहिले. मला प्रवाह खाली नेत होता आणि “ये, ये”सुद्धा माझ्याबरोबर खाली सरकत होतं. शेवटी पायाला गाळ लागला. कुणीतरी माझ्या दंडाला धरलं, इतकं घट्ट की चार दिवस बोटं उमटलेली होती. आत्या छातीभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातात वाळुंजाची फांदी, दुसऱ्या हातात मी. आत्यांना पोहता येत नाही. गुडघ्यापलीकडं पाण्यात मी त्यांना त्याआधीही कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

आम्ही तिघी चिखलात बसलो. बंधाऱ्याचे खांब तिथून जवळ होते. मला ते राखाडी पट्ट्यांसारखे दिसत होते आणि दिसत होते म्हणूनच कळलं की किती जवळ आहेत. मी मुक्ताला ट्यूबमधून काढलं, चाचपलं, हात, पाय, पोट. ती थरथरत होती, पण रडत नव्हती.

दम जागेवर आल्यावर आत्या म्हणाल्या, “किती नंबर हाय?”

“साडेसात. उजव्याला आठ.”

“म्हंजे किती?”

“म्हणजे आत्ता मला तुमचं तोंड दिसत नाही.”

त्या माझ्यापासून हातभर लांब बसल्या होत्या. त्या पुढं सरकल्या. आणखी सरकल्या. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर आला.

“आता?”

“आता दिसतंय. कुंकू पुसलंय तुमचं.”

एरवी अंघोळीत सुद्धा कपाळाला पाणी लागू न देणारी बाई. त्यांनी हात कपाळाकडं नेलासुद्धा नाही.

“पुसूंदे,” म्हणाल्या. मग एकदम चिडल्या. “सा वर्सं! सा वर्सं मी गावभर सांगत हिंडले, सून गुणाची हाय पर गर्वाची हाय. सकाळच्याला लांबनं हात केला तर बघून न बघितल्यासारखं करती. ती पाटलाची म्हातारी अजून बोलत न्हाई तुझ्याशी. आणि तुला दिसतच नव्हतं व्हय गं?”

“नाही आत्या.”

“आणि चुलीपुढं? गोठ्यात? जिन्यावरनं ह्या पोरांना घेऊन उतरतीस ते?”

मी पदर पिळून मुक्ताचं तोंड पुसलं.

“रणजितला ठावं हाय?”

मी मान डोलावली.

“बघते त्याच्याकडं,” आत्या म्हणाल्या. चष्मा कुठं आहे ते मला विचारून घेतलं आणि उठल्या. “चल. घागर न्यायची राहिली.”

मी मुक्ताला उचलायला हात केले. तिनं माझ्याकडं पाठ केली आणि आत्यांच्या लुगड्याला धरलं. मला वाटलं, भ्यालीय. आत्यांनी तिला कमरेवर घेतलं आणि आम्ही काठानं परत आलो. आता काटे मलाही टोचत होते.

देवळात सगळे खोळंबले होते. रणजित पुढं आला. “एवढा वेळ काय करत होता? आणि आई, तू का भिजलीस?”

आत्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. धैर्यशीलला म्हणाल्या, “बाबा, बहिणीचा चष्मा हाय का तुझ्या पिशवीत?”

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं, रणजितकडं बघितलं. मांडीवर बाळ होतं, हलताही येईना.

“काढ. दे तिला.”

मी तो सगळ्यांसमोर घातला. ओल्या केसांतून काड्या नीट बसेनात. मग देऊळ जागेवर आलं, खांब, घंटा, न्हाव्याच्या मिशा, रणजितचं उतरलेलं तोंड. लांबच्या नात्यातल्या एक काकी पुढं झुकल्या. “अगं बया! हिला चष्मा? कधी लागला गं?”

“लागला तवा लागला,” आत्या म्हणाल्या. “तुझी कवळी कधी बसली, आम्ही इचारलं का?”

काकींनी तोंड मिटलं. पाणी पडलं, वस्तरा लागला, बाळानं देऊळ डोक्यावर घेतलं. मी त्याला पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसले. त्याचं नवं कोरं टक्कल माझ्या हाताखाली गरम लागत होतं. नदीवर काय झालं ते आत्यांनी बाहेर नेऊन रणजितला सांगितलं. तो आत आला आणि माझ्याजवळ बसला. त्यानं चष्म्याच्या काडीत अडकलेली माझी ओली बट सोडवली.

मुक्ता आत्यांजवळच राहिली. जेवली आत्यांच्या हातून. दुपारी सगळे पाहुणे पांगल्यावर मी बाळाला निजवून तिच्याजवळ गेले. ती पडवीत गोधडीवर पडली होती, जागी.

“माझ्याजवळ येतेस?”

“नको.”

“का गं?”

ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, “तू माझ्याकडं बघितलंस.”

“कधी?”

“पाण्यात. मी होते ना. तू आलीस. माझ्याकडं बघितलंस, मग गेलीस.”

माझी वाट चुकली, म्हशीला धरलं, मागं टाकलं, हे सगळं मी दिवसभर मनात घोळवत होते; पण त्या सगळ्याला तिच्या बाजूनं मी बघितलंच नव्हतं. ती शहाण्यासारखी गप्प बसली होती. ओरडली नव्हती. आई येताना तिला दिसली. आई जवळ आली, तोंड तिच्याकडं केलं, डोळे उघडे, आणि पोहत पुढं निघून गेली.

“मला तू दिसली नाहीस, मुक्ता.”

“डोळे उघडे होते तुझे.”

“उघडे होते. पण चष्म्याशिवाय मला लांबचं दिसत नाही.”

“मी लांब नव्हते.”

तिनं कूस बदलली. रात्री ती आत्यांपाशी निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला अंघोळीला न्यायला गेले, तर म्हणाली, “तू नको. तू सोडून देशील. आज्जी घालेल.” हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती साधं सांगत होती, पाणी गरम आहे म्हणून सांगावं तसं.

आत्या चुलीपुढून सगळं ऐकत होत्या. त्यांनी हात पुसले, आतून जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून आणली.

“वाक खाली.”

“काय करताय?”

“वाक म्हणते ना.”

त्यांनी माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना पट्टीची टोकं बांधली आणि मागं डोक्यावर कचकन आवळली. कान दुमडले. नंबरचे पोहायचे गॉगल मिळतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते पुढं सांगलीतल्या एका दुकानात मागवून घेतले, आणि मागवायला आत्याच बरोबर आल्या होत्या. त्या दिवशी मात्र लुगड्याची पट्टी होती.

“चल नदीला,” त्या म्हणाल्या. मुक्ताला त्यांनी काखेत मारलं. ती “नको, नको” म्हणत राहिली, पण त्या बाई ऐकणाऱ्या नव्हत्या.

घाटावर गेल्यावर मात्र त्या तिला घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आपून न्हाई उतरायचं. आपून हितनं गंमत बघायची.”

मी उतरले. खोटं कशाला सांगू, गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं. बंधाऱ्याचा आवाज कालच्यासारखाच येत होता. आज तो वड दिसत होता, त्याच्या पारंब्या दिसत होत्या, पलीकडच्या काठाला म्हशी दिसत होत्या, म्हशींच्या पाठीवरचे बगळे दिसत होते, आणि तरी मला भीती वाटत होती. मी डोकं वर ठेवून हात मारले, थोडी आत गेले, वळले आणि घाटाकडं तोंड करून पाण्यात उभी राहिले. काचांवर थेंब होते. ते मी बोटानं पुसले.

वरच्या पायरीवर आत्यांचं जांभळं लुगडं, त्यांच्या मांडीवर मुक्ता. तिचा पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल, दुसरी पायरीवर पडलेली. ती माझ्याकडंच बघत होती.

तिनं हात वर केला. तीन बोटं.

आधी मला कळलं नाही. मग मी ओरडले, “तीन!”

तिनं हात खाली घेतला. आत्यांकडं वळून बघितलं, त्यांनी शिकवलं का याची खात्री केल्यासारखं. आत्या नदीकडं बघत होत्या. तिनं परत हात वर केला.

“एक!” मी म्हणाले.

मग दोन्ही हात.

“सात!”

ती स्वतःच बोटं मोजायला लागली, हनुवटी खाली घालून, बराच वेळ. सात होती. तिनं मला हातानं मागं जा म्हणून सांगितलं. मी आणखी आत गेले. तिनं करंगळी दाखवली.

“एक! करंगळी!”

आणखी मागं. पायाखालून प्रवाह जाणवायला लागला होता. मी पाय मारत एका जागी थांबले, आणि तिच्याकडं बघत राहिले. ती आत्यांच्या मांडीवरून उतरली. पायरीवर उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागं लपवले आणि मोठ्यानं ओरडली. कालपासून तिचा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

“आता किती?”

काहीतरी सांगावं असं मनात आलं. चार म्हणावं, पाच म्हणावं, बरोबर आलं तर किती बरं होईल.

“आता दिसत नाही,” मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मान डोलावली, शाळेतल्या बाईंसारखी, आणि एक पायरी खाली आली.